मेंदूच्या गाठीसाठी ऑनलाइन ट्यूमर बोर्ड : तासगावातून पाहिलेली एक सेवा

मेंदूच्या कर्करोगावरील उपचारांचा निर्णय एकट्या डॉक्टरने घेऊ नये, याविषयी वैद्यकात आता फारसे दुमत उरलेले नाही. शस्त्रक्रिया करणारा न्यूरोसर्जन, किरणोपचार देणारा तज्ज्ञ, केमोथेरपी ठरवणारा मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट, एमआरआय वाचणारा रेडिऑलॉजिस्ट आणि गाठीचा तुकडा तपासणारा पॅथॉलॉजिस्ट यांनी एकत्र बसून एकेका रुग्णाविषयी बोलायचे आणि मगच पुढची दिशा ठरवायची, या पद्धतीला आपल्याकडच्या रुग्णालयांत ट्यूमर बोर्ड म्हणतात. ब्रिटनमध्ये १९९५ च्या कॅलमन-हाइन अहवालानंतर ही पद्धत कर्करोग सेवेचा नेहमीचा भाग झाली, आणि २००६ मध्ये तेथील ‘नाइस’ या संस्थेने मेंदूच्या गाठींसाठी स्वतंत्र मार्गदर्शिका काढून बोर्डात कोणकोण असावे हेही सांगितले. २०२० च्या साथीत डॉक्टरांनाही एका खोलीत बसणे अवघड झाले, तेव्हा ही चर्चा जगभर पडद्यावर आली, आणि साथ ओसरल्यावरही ती बऱ्याच ठिकाणी पडद्यावरच राहिली.

मी तासगाव भागात फॅमिली डॉक्टर म्हणून काम करते. माझ्या काही रुग्णांसाठी पुण्यातील एका खासगी रुग्णालयातर्फे चालणारी ऑनलाइन ट्यूमर बोर्डाची सेवा घेतली गेली आणि त्या चर्चांना मला बसता आले. रुग्णालयाचे नाव मी मुद्दाम देत नाही. पुढे जे दोष सांगणार आहे त्यांपैकी निम्मे तरी एका संस्थेचे नसून या पद्धतीचेच आहेत. माझे मत आधीच सांगते : सेवा घेण्यासारखी आहे, परंतु तिची गुणवत्ता पुण्यात जेवढी ठरते तेवढीच इथून काय पाठवले जाते यावर ठरते, आणि ही दुसरी बाजू कोणी रुग्णाच्या घरच्यांना समजावून सांगत नाही.

मिरज-सांगली हा काही वैद्यकीयदृष्ट्या मागासलेला भाग नव्हे. विल्यम वानलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिरजेत रुग्णालय उभे केले तेव्हापासून कर्नाटकातूनही रुग्ण इथे येत आले आहेत, आणि आज न्यूरोसर्जरीही इथे होते, किरणोपचारही इथे मिळतात. ज्याची वानवा आहे ती निराळीच गोष्ट आहे. वर्षभर मेंदूच्याच गाठी पाहणारा पॅथॉलॉजिस्ट किंवा मेंदूच्याच एमआरआयमध्ये मुरलेला रेडिऑलॉजिस्ट जिल्ह्याच्या ठिकाणी सहज सापडत नाही, कारण असा रुग्णच तुलनेने कमी. कौशल्य वाढावे एवढी संख्या मोठ्या शहरातच जमते. म्हणून आजवर फाइल काखोटीला मारून रुग्णालाच पुण्या-मुंबईला नेण्याची रीत होती. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीचे रस्ते पाण्याखाली गेले तेव्हा ही रीत किती ठिसूळ आहे ते सगळ्यांना दिसले. परंतु पूर नसतानाही, अर्धे अंग लुळे पडलेल्या माणसाला गाडीत आडवे घालून पाच तास नेणे, दहा मिनिटांच्या भेटीसाठी ओपीडीत दिवस काढणे आणि तसेच परत आणणे यात रुग्णाचे हालच अधिक होतात. रुग्णाऐवजी माहितीने प्रवास करावा, हा विचार त्यामुळे मुळातच योग्य आहे. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने २०१२ मध्ये उभी राहिलेली नॅशनल कॅन्सर ग्रिड ही देशभरातील कर्करोग केंद्रांची जोडणीही याच विचारावर चालते आणि तिच्यातर्फेही ऑनलाइन ट्यूमर बोर्ड भरतात. मी पाहिलेली सेवा मात्र खासगी आणि शुल्क घेणारी आहे.

ज्या रुग्णामुळे मला ही सेवा जवळून कळली ते ६७ वर्षांचे द्राक्षबागायतदार होते. गाव त्यांना आप्पा म्हणते, तेच इथे पुरे. बागेत औषध फवारायला गेलेला माणूस पंप तसाच टाकून बांधावर बसून राहू लागला, बोलताना शब्द अडू लागले, आणि एके दिवशी पहाटे फिट आली. एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या पुढच्या भागात गाठ दिसली. मिरजेत शस्त्रक्रिया झाली, गाठीचा बराच भाग निघाला, आणि बायोप्सीचा रिपोर्ट ग्लिओब्लास्टोमा असा आला. प्रौढांमधील, मेंदूतच सुरू होणाऱ्या कर्करोगांत हा सर्वांत अधिक आढळणारा आणि सर्वांत आक्रमक प्रकार आहे. मिरजेच्या सर्जननी स्वतःहूनच बोर्डाकडे केस पाठवायचे सुचवले, याचे मला कौतुक वाटले. स्वतःच्या रुग्णाविषयी दुसऱ्यांचे मत मागवण्याचा मोठेपणा सगळ्यांत असतोच असे नाही.

सेवेचा पहिला टप्पा म्हणजे कागदपत्रे आणि स्कॅन पाठवणे, आणि खरी गाडी इथेच अडते. आप्पांच्या थोरल्या मुलाने सुरुवातीला एमआरआयच्या फिल्म ट्यूबलाइटसमोर धरून मोबाइलवर फोटो काढले आणि व्हॉट्सॲपवर पाठवून दिले. पुण्याच्या समन्वयक बाईंनी ते लगेच परत केले, आणि ते योग्यच होते. एका फिल्मवर वीस-पंचवीस चौकोनी चित्रे असतात, ती स्कॅन सेंटरमधील कोणीतरी निवडलेली असतात, आणि व्हॉट्सॲप त्यांचा दर्जा आणखी उतरवते. मूळ तपासणीत मात्र शेकडो चित्रे असतात आणि ती डायकॉम नावाच्या स्वरूपात साठवलेली असतात. रेडिऑलॉजिस्टला ती एकामागून एक सरकवत पाहता येतात, गाठ मोजता येते, गाठ उजळ दिसावी म्हणून देतात त्या कॉन्ट्रास्टच्या इंजेक्शनपूर्वीचे आणि नंतरचे चित्र शेजारी लावता येते. हे सगळे स्कॅन सेंटरने दिलेल्या सीडीत असते. ती सीडी घरोघरी फाइलच्या मागच्या कप्प्यात न उघडता पडून असते, आणि आताच्या लॅपटॉपला सीडीचा कप्पाच नसतो. शेवटी तासगावच्या बाजारपेठेतील एका झेरॉक्सवाल्याकडे जुना संगणक निघाला. त्याच्या यंत्रावर आम्ही ती चढवली. अपलोड मध्येच तुटले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, ही या संकेतस्थळाची रचना मला अक्षम्य वाटते. ज्यांच्यासाठी सेवा काढली त्यांच्याकडे वीज आणि नेटवर्क कसे असते याचा विचार ती उभारणाऱ्यांनी करायला हवा होता. इथे एक सूचना करते : तपासणी करतानाच स्कॅन सेंटरला सीडीऐवजी पेनड्राइव्हवर डायकॉम द्यायला सांगावे, किंवा त्यांची ऑनलाइन लिंक मिळते का ते विचारावे. पुष्कळ सेंटर देतात, मागावे मात्र लागते.

दुसरी अडचण अधिक नाजूक होती. बोर्डाला शस्त्रक्रियेपूर्वीचा एमआरआय हवा होता आणि शस्त्रक्रियेनंतरचाही, आणि हा नंतरचा एमआरआय शक्यतो पहिल्या ४८ ते ७२ तासांतला असावा लागतो. त्याहून उशीर झाला तर शस्त्रक्रियेमुळे झालेले बदल आणि उरलेली गाठ यांतला फरक कळेनासा होतो. आप्पांचा तो झाला होता. माझ्या दुसऱ्या एका रुग्णाचा झालेला नव्हता, आणि त्या चर्चेत पहिला बराच वेळ ‘हे उरलेले आहे की नुसते व्रण आहेत’ या एकाच प्रश्नावर गेला. हा दोष सेवेचा नाही, परंतु सेवेच्या माहितीपत्रकात ही एक ओळ असती तर कित्येकांचे भले झाले असते.

गाठीच्या तुकड्याचे प्रकरण रुग्णाच्या घरच्यांना सर्वांत अपरिचित असते. शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवून जपून ठेवतात. त्याला ब्लॉक म्हणतात. बोर्डाच्या पॅथॉलॉजिस्टना केवळ छापील रिपोर्ट नको होता, ब्लॉक आणि स्लाइड हव्या होत्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणानुसार मेंदूच्या गाठीचे नाव आता केवळ सूक्ष्मदर्शकाखालील रूपावरून ठरत नाही, तर आयडीएच या जनुकात बदल आहे का, १पी आणि १९क्यू हे गुणसूत्रांचे भाग गळाले आहेत का, अशा रेणवीय खुणांवरून ठरते. दिसायला सारख्या वाटणाऱ्या दोन गाठींत एका रुग्णापुढे काही वर्षे असतात आणि दुसऱ्यापुढे काही महिने, तो फरक या खुणा दाखवतात. मिरजेच्या प्रयोगशाळेतून ब्लॉक सही करून घेतला, डब्यात कापूस घालून कुरिअरने पाठवला. मुलगा तो डबा द्राक्षाच्या पेटीपेक्षाही जपून हाताळत होता.

इथे बोर्डाने पहिल्यांदा आपले मोल दाखवले. आधीच्या एका सल्लागाराने आप्पांच्या मुलाला जनुकांच्या विस्तृत चाचणीचा सल्ला दिला होता, आणि तिचा खर्च ऐकून घरात बेदाण्याचा माल लवकर विकायची चर्चा सुरू झाली होती. पॅथॉलॉजिस्टनी शांतपणे सांगितले की आयडीएचमधील नेहमी आढळणारा बदल ज्या साध्या रंगचाचणीने कळतो ती नकारात्मक आली आहे, आणि रुग्ण ५५ वर्षांवरील असून पूर्वीची सौम्य गाठ नसेल, तर एवढ्यावर आयडीएच सामान्य आहे असे धरता येते. पुढचे सिक्वेन्सिंग, म्हणजे ती विस्तृत चाचणी, त्यासाठी करण्याची गरज नाही. एमजीएमटी या जनुकाची चाचणी मात्र करा, कारण तिच्यावरून टेमोझोलोमाइड या गोळ्यांचा उपयोग कितपत होईल याचा अंदाज येतो. एका वाक्यात एक चाचणी वाचली आणि एक नेमकी चाचणी ठरली. सेवेचे शुल्क तिथेच वसूल झाले, असे मुलगा पुढे कित्येकांना सांगत होता.

प्रत्यक्ष चर्चा मंगळवारी संध्याकाळी भरते. प्रत्येक केसला जेमतेम सात-आठ मिनिटे मिळतात, आणि हे ऐकून घरच्यांचा जीव खालीवर होतो. परंतु ती मिनिटे दाट असतात. मिरजेचे सर्जन आपल्या ऑपरेशन थिएटरमधून बोलत होते, डोक्यावरची टोपीही काढलेली नव्हती. पुण्याच्या रेडिऑलॉजिस्ट बाईंनी पडद्यावर चित्रे सरकवत गाठीची मागची कडा दाखवली, बोलण्याचे केंद्र किती जवळ आहे ते सांगितले आणि तिथले उरलेले मुद्दाम सोडले आहे ना, असे सर्जनना विचारले. त्यांनी होकार दिला. ‘बरोबर केलेत,’ एवढेच त्या म्हणाल्या. एरवी असा शेरा जिल्ह्यातील सर्जनला कुठे मिळतो?

मग प्रश्न आला किरणोपचारांचा. ग्लिओब्लास्टोमासाठी २००५ पासूनची रूढ पद्धत अशी : सहा आठवड्यांत किरणांचे ३० शेक, एकूण ६० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे माप), त्याबरोबर रोज टेमोझोलोमाइड, आणि नंतर महिन्याकाठी पाच दिवस याप्रमाणे त्याच गोळ्यांचे सहा फेरे. ज्या अभ्यासावरून ही पद्धत आली त्यात केवळ किरणोपचार घेणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ, १२.१ महिने होते, गोळ्या जोडल्यावर ते १४.६ महिने झाले. परंतु त्या अभ्यासात ७० वर्षांपर्यंतचे आणि बऱ्या प्रकृतीचे रुग्ण होते. ६५ वर्षांवरील रुग्णांसाठी २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासाने तीन आठवड्यांत १५ शेक, एकूण ४० ग्रे, आणि जोडीला टेमोझोलोमाइड असा छोटा मार्ग दाखवला. त्यात गोळ्यांमुळे मध्यम आयुर्मान ७.६ वरून ९.३ महिन्यांवर गेले आणि एमजीएमटी अनुकूल असलेल्यांत फायदा आणखी मोठा दिसला. आप्पा या दोन मार्गांच्या नेमक्या फाट्यावर उभे होते. वय ६७; प्रकृती कशी, यावर सगळे अवलंबून.

आणि प्रकृती कशी, हे बोर्डातल्या कोणालाच दिसत नव्हते. फॉर्ममध्ये प्रकृतीचा गुणांक म्हणून शंभरांपैकी ८० हा आकडा होता. तो शस्त्रक्रियेनंतर घरी सोडताना भरलेला. दरम्यान आप्पांच्या पायातले बळ कमी झाले होते, संडासला जाताना कोणीतरी धरावे लागत होते. मी हे सांगितले तेव्हा पडद्यावर क्षणभर शांतता पसरली. ‘मॅडम, म्हणजे ६० धरायचे का?’ किरणोपचारतज्ज्ञांनी विचारले. मी हो म्हटले, आणि आणखी दोन गोष्टी सांगितल्या. सूज उतरावी म्हणून दिलेले डेक्सामेथासोन हे साखर वाढवणारे स्टेरॉइड अजून पूर्ण मात्रेत चालू होते आणि माझ्याकडे तपासलेली साखर ३०० च्या वर गेली होती; फॉर्ममध्ये मधुमेहापुढे नुसती बरोबरची खूण होती. शिवाय कधी कोणाला अरे-तुरे न केलेला माणूस सुनेवर भांडी फेकू लागला होता. गाठ पुढच्या भागात असल्याने घरच्यांनी तो दोष आजारावर टाकला होता. मेडिकल ऑन्कॉलॉजिस्टनी फिटसाठी चालू असलेले लेव्हेटिरासेटॅम कधीपासून आहे ते विचारले, कारण या औषधाने काहींच्या स्वभावात असा चिडकेपणा येतो, आणि ते बदलून पाहायचे ठरले. डेक्सामेथासोन टप्प्याटप्प्याने उतरवायचे ठरले. मार्ग १५ शेकांचा निवडला गेला, आणि तो मिरजेतच घ्यावा, पुण्यात आणून काही अधिक साधणार नाही, असे किरणोपचारतज्ज्ञांनी स्वतःच सांगितले. स्वतःच्या रुग्णालयाकडे रुग्ण न ओढता हे सांगणाऱ्या खासगी सेवेला मी त्या एका वाक्यासाठी पूर्ण गुण देते. मुलाने आधी मला विचारले होते, ‘मॅडम, म्हंजे छाटणीच्या दिवसांत मी सहा आठवडं पुण्यात?’ त्याला उत्तर मिळाले होते.

त्या सात-आठ मिनिटांतला माझा वाटा फार तर दीड मिनिटाचा असेल, आणि त्यात विद्वत्तेचे काहीही नव्हते. परंतु ते दीड मिनिट नसते तर चुकीच्या माणसासाठी बरोबर उपचार ठरले असते. फॅमिली डॉक्टरने बसलेच पाहिजे असा या सेवेचा नियम नाही. मला लिंक मिळाली ती सर्जननी आग्रह धरला म्हणून. हा माझा सेवेवरचा सर्वांत मोठा आक्षेप आहे. समोरासमोरच्या बोर्डात निदान एखादा सदस्य रुग्णाला ओपीडीत पाहून आलेला असतो. पडद्यावरच्या बोर्डात इकडच्या एका माणसाखेरीज कोणीच त्याला पाहिलेले नसते, म्हणून इथे त्याला रोज पाहणाऱ्याची गरज अधिक आहे. रुग्णाचा उठता-बसतानाचा, चालतानाचा, दोन वाक्ये बोलतानाचा एक मिनिटाचा व्हिडिओ फॉर्मबरोबर मागवला तरी पुष्कळ काम होईल. त्याला खर्च शून्य आहे.

घरच्यांना चर्चेत बसू देत नाहीत. याविषयी माझे मन दोन्हीकडे झुकते. डॉक्टरांना मोकळेपणी शंका मांडता याव्यात, एकमेकांचे म्हणणे खोडता यावे, यासाठी ती खोली बंद असणे मला पटते. मध्यम आयुर्मानाचे आकडे ज्या कोरडेपणाने तिथे उच्चारले जातात ते मुलाच्या कानी पडू नयेत असेही वाटते. परंतु मग चर्चेनंतर कोणीतरी त्याला मराठीत, वेळ देऊन, सगळे सांगायला हवे. ती सोय या सेवेत नाही. येते ते एक पानी टिपण, इंग्रजीत, आणि निम्मे संक्षेपांत. ते यायलाही सांगितल्यापेक्षा उशीर झाला, तेवढ्यात मिरजेतील किरणोपचार विभाग सतत विचारत होता. शुल्क देणाऱ्याच्या हाती पडणारी ही एकमेव वस्तू. तिच्यावर एवढी कमी मेहनत घ्यावी, याचा राग येतो. रिकाम्या पोटी घ्यायच्या कॅप्सूल, त्या फोडायच्या नाहीत, दर आठवड्याला रक्ततपासणी करून पेशींची संख्या पाहायची, ताप आला तर वाट न पाहता लगेच डॉक्टरांना गाठायचे, हे सगळे मी माझ्या हाताने वहीच्या पानावर लिहून दिले. ते पान अजून त्यांच्या देव्हाऱ्याशेजारी खिळ्याला लटकलेले आहे.

टिपणातील त्रोटकपणाने पुढे नुकसानही केले. किरणोपचार संपल्यानंतरच्या पहिल्या एमआरआयसाठी त्यात ‘कॉन्ट्रास्ट एमआरआय’ एवढेच लिहिलेले होते. स्कॅन सेंटरने तसाच केला. चित्रात गाठीच्या जागेभोवतीचा उजळ भाग आधीपेक्षा मोठा दिसत होता आणि रिपोर्टात ‘आजार वाढल्याची शक्यता’ असे शब्द होते. ते वाचून घरात रडारड झाली, एक नातेवाईक काढ्याची बाटली घेऊन आले, आणि गोळ्या बंद कराव्यात असा कौटुंबिक ठराव जवळजवळ झालाच होता. केस पुन्हा बोर्डापुढे गेली तेव्हा कळले की रक्तप्रवाह दाखवणारा परफ्यूजन हा भाग त्याच तपासणीत करून घ्यायला हवा होता. तो पहिल्या टिपणात लिहिलेला असता तर दुसऱ्यांदा यंत्रात झोपावे लागले नसते आणि दुसऱ्यांदा पैसेही पडले नसते.

एवढे असूनही ही दुसरी चर्चा मी या सेवेची सर्वांत मोलाची कामगिरी मानते. किरणोपचारांनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत एमआरआय बिघडलेला दिसला तरी तो आजार वाढल्यामुळेच असतो असे नाही. उपचारांनी मेलेल्या पेशी आणि त्यांभोवतीचा दाह यांमुळेही चित्र तसेच दिसते, आणि एमजीएमटी अनुकूल असलेल्यांत हे अधिक आढळते. आप्पांची ती चाचणी अनुकूल आली होती, लक्षणे वाढलेली नव्हती, उलट पायातले बळ थोडे सुधारले होते. वाढत्या गाठीत बहुधा वाढतो तो रक्तप्रवाह परफ्यूजनमध्ये वाढलेला दिसला नाही. गोळ्या चालू ठेवा, सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा पाहा, असे ठरले, आणि पुढच्या तपासणीत तो उजळ भाग आकसला होता. रिपोर्टाचा एक कागद, किरणोपचारांची तारीख, जनुकाची चाचणी आणि रुग्णाची चाल या चार गोष्टी एकाच वेळी डोळ्यांपुढे ठेवल्याशिवाय हा निर्णय घेता आला नसता, आणि त्या चारही एका माणसाच्या हाती कधीच नसतात.

गोपनीयतेचा मुद्दा थोडक्यात. आमची वेळ येईपर्यंत ज्या आभासी खोलीत आम्ही थांबलो होतो तिथे पडद्यावर त्या संध्याकाळच्या सगळ्या रुग्णांची यादी, नावे आणि गावांसह, उघडी होती. त्यात पलूस तालुक्यातील एक ओळखीचे नाव मला दिसले, जे मला कळायला नको होते. वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये आला आहे. त्याआधीही नावाऐवजी क्रमांक लिहिणे कोणाला अवघड नव्हते. मी लेखी कळवले, उत्तर आले नाही. जबाबदारी कोणाची, याविषयी मात्र सेवेचे कागद स्पष्ट आहेत आणि ते २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांना धरून आहेत : एका डॉक्टरने दुसऱ्याचा सल्ला घेतला तरी उपचारांची जबाबदारी मूळ डॉक्टरकडेच राहते. बोर्ड शिफारस करते, सही मिरजेतल्या डॉक्टरची असते.

खर्चाविषयी सांगायचे तर, शुल्क पुण्याच्या एका फेरीच्या गाडीभाड्याहून कमी पडले. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत शस्त्रक्रिया आणि किरणोपचार बसले, बोर्डाचे शुल्क बसले नाही. एखाद्या मजुराच्या घरासाठी तेवढीही रक्कम अवघड आहे, आणि अशांनी मिरजेच्या किंवा मुंबईच्या सार्वजनिक रुग्णालयामार्फत नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या बोर्डापुढे केस मांडता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे.

बोर्डात वेदना आणि शुश्रूषा पाहणारे, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरचे कोणीच नव्हते, ही उणीव मला शुल्कापेक्षा मोठी वाटते. ज्या आजारात सरासरी आयुष्य महिन्यांत मोजले जाते, तिथे गिळता येईनासे झाल्यावर फिटचे औषध कसे द्यायचे, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस किती वेळाने बदलायची, रात्री घरच्यांपैकी जागे कोणी राहायचे, हे प्रश्न येणारच असतात. पाच तज्ज्ञांच्या बोर्डात त्यांना जागा नाही आणि सातव्या मिनिटाला पुढची केस सुरू होते.

कोणी ही सेवा घ्यावी? ग्लिओब्लास्टोमा, इतर ग्लिओमा (मेंदूच्या आधारपेशींपासून होणाऱ्या गाठी), आणि दुसरीकडच्या कर्करोगातून मेंदूत पसरलेल्या गाठी यांसाठी जरूर घ्यावी. शेवटच्या प्रकारात तर मूळ आजाराचा तज्ज्ञ आणि मेंदूचा तज्ज्ञ यांची गाठ पडणे अत्यावश्यकच असते. काठावरची, छोटी, स्पष्ट दिसणारी मेनिंजिओमाची, म्हणजे मेंदूच्या आवरणाची, गाठ असेल तर ती बहुतेक वेळा सौम्य असते आणि अनुभवी सर्जनचे मत पुरते. केवळ मनाच्या समाधानासाठी बोर्डाचे पैसे भरू नयेत. आणि ज्याला उलट्या होत आहेत, जो झोपेतून नीट जागा होत नाही, ज्याच्या फिट थांबत नाहीत, त्याच्यासाठी मंगळवारच्या चर्चेची वाट पाहत घरी बसू नये; त्याला त्याच रात्री मिरजेच्या कॅज्युअल्टीत न्यावे, सीडी नंतर चढवता येते.